बंद झालेली तक्रार : एका क्लायंट लायब्ररीचे वाचन

१

आपले दुःख अधिकाऱ्यापुढे मांडण्याच्या कृतीला मराठीत शब्दांची वाण नाही. अर्ज, फिर्याद, दाद, कैफियत, तक्रार हे सगळे शब्द कारभाराच्या भाषेतून, फार्सी-अरबीच्या वाटेने आले आणि इथलेच होऊन राहिले. त्यांचे मूळ अर्थ पाहिले की या एकाच कृतीची निरनिराळी अंगे दिसू लागतात. अर्ज म्हणजे समोर ठेवणे. फिर्याद म्हणजे मोठ्याने मारलेली हाक. दाद म्हणजे न्याय. म्हणून आपण ती मागतो आणि पुष्कळदा ती लागत नाही. कैफियत म्हणजे एखादी गोष्ट कशी घडली याची हकिगत. आणि तक्रार या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ आहे पुनरुक्ती. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा सांगावे लागते, हा अनुभव त्या शब्दाच्या पोटातच आहे.

या मालिकेत गाऱ्हाणे हा शब्द वेगळा उठून दिसतो. तळकोकणात गाऱ्हाणे देवापुढे घातले जाते. एक जण सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यासरशी जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. देवाचा कौल पुढे काय लागायचा तो लागो. बोलणे ऐकले गेले याची ग्वाही मात्र जागच्या जागी मिळते.

ज्या संहितेचे वाचन मी या लेखात करणार आहे, तिच्यात या सहाही शब्दांच्या जागी एकच शब्द आहे : 'केस'. ही संहिता म्हणजे गूगल क्लाउडच्या ग्राहकसाहाय्य सेवेशी कोडमधून व्यवहार करण्यासाठी बनवलेली क्लायंट लायब्ररी. ती काही कविता-कादंबरी नव्हे, हे मान्य. तरीही तिच्यात पात्रे आहेत, संवाद आहे, घटनांचा क्रम आहे आणि शेवटही आहे. मुख्य म्हणजे प्रत्येक शब्दाचा अर्थ काय धरायचा हे सांगणाऱ्या गद्य टिपा तिच्यात जागोजागी आहेत. तक्रार म्हणजे काय याची इतकी काटेकोर व्याख्या करणारा मजकूर मला आजच्या मराठी कार्यालयीन लेखनातही सापडलेला नाही. म्हणून तो साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असे वाटले.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी अभियंता नाही. मराठीत एम. ए. केले आणि नंतर पोटासाठी पुण्यातल्या एका ग्राहकसाहाय्य केंद्रात काही वर्षे रात्रपाळी केली. त्या केंद्राचा आणि त्याच्या मालक कंपनीचा या लेखात नावाने येणाऱ्या कोणत्याही कंपनीशी संबंध नव्हता. पण केस उघडणे, केस हातात घेणे आणि केस बंद करणे ही क्रियापदे मी हजारो वेळा चालवली आहेत. या वाचनात तो अनुभव मधूनमधून डोके वर काढणार.

२

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले संगणक. मुंबईत अशी केंद्रे ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये सुरू केली. भाडेकरू म्हटला की कुरकुर आली : यंत्र चालत नाही, बिल जास्त लागले, साठवलेला डेटा हाती येत नाही. सामान्यतः ग्राहक ती पडद्यावरच्या तक्ता-अर्जात भरतो. पण ज्या संस्थेची शेकडो यंत्रे भाड्याने घेतलेली आहेत, तिला प्रत्येक वेळी माणूस बसवणे परवडत नाही. तिचे स्वतःचे प्रोग्रामच बिघाड ओळखतात आणि तक्रारही त्यांनीच नोंदवावी अशी तिची अपेक्षा असते. त्यासाठी कंपनी एक खिडकी उघडून देते. तिला एपीआय म्हणतात. कचेरीच्या खिडकीवर ठरावीक नमुन्यातलेच कागद घेतात, तसेच इथेही. क्लायंट लायब्ररी म्हणजे तो नमुना बिनचूक भरून खिडकीपर्यंत नेणारा तयार कोड. पूर्वी कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाचा हा आजचा वारस.

या अर्जनवीसाला केसच्या बाबतीत आठ कामे येतात : एखादी केस आणून दाखवणे, केसांची यादी करणे, शोध घेणे, नवी केस नोंदवणे, असलेल्या केसमध्ये बदल करणे, ती वरच्या पायरीवर नेणे, ती बंद करणे आणि तक्रारींची वर्गवारी शोधून देणे. याखेरीज केसवर कॉमेंट लिहिण्याची आणि जोडपत्रे पाहण्याची सोय आहे. हीच लायब्ररी पायथन, जावा, गो, रुबी, पीएचपी अशा अनेक भाषांत मिळते आणि प्रत्येकीत तीच टिपणे पुन्हा येतात.

या संहितेचा कर्ता कोण, हा समीक्षेतला पहिला प्रश्न इथे विचारून पाहावा. उत्तर असे की मूळ व्याख्या एकदा लिहिल्या जातात आणि त्यावरून निरनिराळ्या भाषांतल्या लायब्ऱ्या यंत्रच तयार करते. गो भाषेतल्या फायलींच्या माथ्यावर तसे छापलेलेच असते : हा कोड आपोआप निर्माण झाला आहे, यात फेरफार करू नये. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपण समीक्षक मंडळींनी पुष्कळ केली. इथे लेखक मुदलातच फायलीत आलेला नाही. मात्र त्यामुळे जबाबदारी नाहीशी होत नाही. मूळ व्याख्या माणसांनीच लिहिल्या आहेत. कोणता रकाना ठेवायचा, कोणता गाळायचा, आणि कोणत्या शब्दाचा अर्थ कोणत्या दुसऱ्या शब्दाने सांगायचा, हे निर्णय कोणीतरी विचारपूर्वक घेतलेले आहेत. माझा रोख त्या निर्णयांवर आहे.

३

तक्रार कोणाची असते? संहितेचे उत्तर स्पष्ट आहे. प्रत्येक केसला एक पालक असतो आणि तो पालक म्हणजे एखादी संघटना किंवा एखादा प्रकल्प. माणूस केसचा पालक होऊ शकत नाही. माणसाला जागा आहे ती 'ॲक्टर' या नावाखाली. ॲक्टर म्हणजे कृती करणारा : कॉमेंट लिहिणारा, जोडपत्र चढवणारा, केस नोंदवणारा. टिपेत उदाहरणे देताना वापरकर्त्या माणसाच्या शेजारीच 'सेवा-खाते' बसवले आहे, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचे खाते. थोडक्यात, तक्रार करणारा यंत्रही असू शकतो आणि संहितेच्या लेखी त्या दोघांत फरक करण्याचे कारण नाही.

याने मी फारशी दचकले नाही. बिघाड पहाटे तीन वाजता झाला तर तो नोंदवायला जागा असलेला प्रोग्राम झोपलेल्या माणसापेक्षा बरा. मला विचार करायला लावले ते दुसऱ्या गोष्टीने. या ॲक्टरच्या रकान्यांत एक हो-नाहीचा रकाना आहे : हा कंपनीच्या साहाय्य विभागाचा माणूस आहे काय? आणि तो तसा असेल, तर त्याचा ईमेल-पत्ता झाकलेला मिळेल अशी टीप आहे. तक्रारदाराचा पत्ता उघडा, उत्तर देणाऱ्याचा झाकलेला. यामागे कारण आहे आणि ते मला आतून माहीत आहे. चिडलेला ग्राहक थेट पत्ता हाती लागला की सुटीच्या दिवशीही सोडत नाही. झाकलेल्या पत्त्याने रात्रपाळीतल्या पोरांना संरक्षण मिळते. पण त्यामुळे संवादाचा एक काठ धुक्यात जातो, हेही तितकेच खरे.

'क्लायंट' हा शब्दही इथे थांबून पाहण्याजोगा आहे. संगणकाच्या परिभाषेत क्लायंट म्हणजे मागणी करणारा प्रोग्राम. शब्द लॅटिनमधला. प्राचीन रोममध्ये 'क्लिएन्स' म्हणजे एखाद्या बड्या आश्रयदात्याच्या आधाराने राहणारा माणूस. मराठीत वकिलाच्या क्लायंटला आपण अशील म्हणतो आणि तो शब्द उलट्या दिशेने येतो. अरबीत 'असील' म्हणजे मूळचा, अस्सल. वकील हा प्रतिनिधी आणि अशील हा मूळ पुरुष, असे ते नाते आहे. एका भाषेने मागणाऱ्याला आश्रित मानले, दुसरीने मूळ. पालकाच्या नावावर केस आणि कृतीच्या नावावर माणूस अशी मांडणी करणारी ही लायब्ररी पहिल्या परंपरेतली आहे. अशिलाला तिच्यात जागा शोधावी लागते.

४

तक्रार किती गंभीर? केस नोंदवताना चार गोष्टी द्याव्याच लागतात : थोडक्यात शीर्षक, सविस्तर वर्णन, वर्गवारी आणि अग्रक्रम. अग्रक्रमाच्या पाच पायऱ्या आहेत, पी-शून्य ते पी-चार. त्यांच्या व्याख्या क्रमाने वाचल्या की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. सगळ्यांचा कर्ता एकच आहे : उत्पादन-सेवा, म्हणजे ग्राहकाची प्रत्यक्ष कामात असलेली प्रणाली. ती पूर्ण कोसळली असेल तर पी-शून्य. वापरण्याजोगी उरली नसेल तर पी-एक. वापरता येते पण फार अडखळते तर पी-दोन. मध्यम अडखळते तर पी-तीन. आणि सेवा नीट चालू असून नुसता प्रश्न विचारायचा असेल तर पी-चार. ॲमेझॉनच्या साहाय्य एपीआयमध्येही गंभीरतेच्या पाचच पायऱ्या आहेत आणि त्याही प्रणालीच्या प्रकृतीवरच बेतलेल्या आहेत. फरक एवढाच की सर्वांत वरच्या पायरीच्या वर्णनात तिथे धंद्याचा उल्लेख येतो.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे मोजमाप योग्यच आहे. प्रणालीची अवस्था दोघांनाही तपासता येते; माणसाची व्याकुळता तपासता येत नाही. आमच्या केंद्रात अग्रक्रम ग्राहकाने स्वतः ठरवायचा असे, आणि ज्याला त्याला आपलेच घर पेटलेले दिसे. तेव्हा मापाचा निकष माणसाबाहेर ठेवण्यात शहाणपण आहे. पण माप एकच असले की मोजायचे काय हे मापच ठरवू लागते.

तुलनेसाठी आपल्याकडचा एक नमुना घेते. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम हा तक्रारीचा कायदा नव्हे, माहिती मागण्याचा आहे. आणि एका बाजूला शासन व दुसऱ्या बाजूला खासगी करार, म्हणून ही तुलना सर्वांगाने जुळणार नाही हेही कबूल. तरी दोन्ही नमुने एकाच प्रसंगासाठी बनलेले आहेत : बलवानाला प्रश्न विचारायचा आणि मुदतीत उत्तर मिळवायचे. त्या कायद्यात सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. परंतु मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल, तर ती ४८ तासांत द्यावी लागते. तिथेही अग्रक्रम आहे, पण त्याचा निकष माणसाचा जीव आहे. अर्ज लेखी करता येत नसेल, तर तोंडी विनंती लिहून काढायला माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करायचे आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे इथे मराठीत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे. आणि अर्ज फेटाळला, तर कारण काय, अपील किती दिवसांत व कोणाकडे करायचे, हे सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावरच आहे. त्या कायद्याच्या अंमलबजावणीचे हाल आपण सगळे जाणतो. मी फक्त मसुद्याची तुलना करते आहे. अर्जदार अडखळणार आहे, त्याला हात द्यावा लागेल, हे त्या मसुद्याने गृहीत धरले आहे. लायब्ररीच्या मसुद्याने अर्जदार तयारीचा आहे असे गृहीत धरले आहे.

आणि तो ऐपतीचाही असावा लागतो. ॲमेझॉनच्या बाजूला, ज्याच्याकडे पैसे मोजून घेतलेली योग्य साहाय्ययोजना नाही, त्याने ही खिडकी ठोठावली तर वर्गणी आवश्यक असल्याची त्रुटी परत येते. गूगलच्या प्रीमियम योजनेत पी-एक केसला १५ मिनिटांत पहिला प्रतिसाद देण्याचे उद्दिष्ट आहे. 'पहिला प्रतिसाद' हे शब्द नीट वाचावेत. ते उत्तर मिळण्याचे आश्वासन आहे. दुरुस्तीची मुदत हा वेगळा विषय.

५

आता भाषेच्या रकान्याकडे येते. केसमध्ये 'लँग्वेज कोड' नावाचा रकाना आहे. कोणत्या भाषेत साहाय्य हवे, हे त्यात भाषेच्या आंतरराष्ट्रीय संकेताने लिहायचे. उदाहरणादाखल इंग्रजी, चिनी, जपानी आणि कोरियन यांचे संकेत टिपेत दिले आहेत. पुढचे वाक्य असे सांगते की भाषा दिली नाही, किंवा उपलब्ध नसलेली भाषा दिली, तर इंग्रजी धरली जाईल.

हे वाक्य मी अनेकदा वाचले. त्यात उद्धटपणा नाही. मागितलेली भाषा नसेल तर केस फेटाळण्यापेक्षा इंग्रजीत का होईना ती पुढे जाऊ द्यावी, हा व्यवहारी विचार आहे. पण 'काहीच न सांगणे' आणि 'मराठी हवी असे सांगणे' या दोन गोष्टींचा परिणाम इथे एकच होतो. आपली मागणी नाकारली गेली असेही तक्रारदाराला कळत नाही. मागणी झालीच नव्हती असे होते.

याचा अर्थ मला एका रात्री कळला होता, तेव्हा ही लायब्ररी मी पाहिलीही नव्हती. एका छोट्या रोगनिदान प्रयोगशाळेतून केस आली. रुग्णांचे अहवाल उघडत नव्हते. मजकूर इंग्रजीत होता, पण प्रत्येक वाक्याखालून मराठी वाक्य वर दिसत होते. 'कालपासूनच उघडत नाहीये. पेशंट येऊन बसलाय.' शब्द इंग्रजी, त्यांचा क्रम मराठी. तो 'च' कुठून आला हे मला कळत होते. जगातल्या कोणत्याही कार्यालयात बसलेल्या दुसऱ्या कोणाला त्या वाक्यात घाई दिसली नसती, मला दिसली. आमचा नियम होता की उत्तर इंग्रजीतच जाईल आणि ठरलेल्या नमुन्यातच जाईल. मी नमुना काढला. त्यात प्रणालीच्या नोंदींची फाईल पाठवा, अडचण कोणत्या पायरीवर येते ते क्रमवार लिहा, असे विचारले होते. उत्तर पाठवले आणि केसची अवस्था बदलली : ग्राहकाच्या प्रतिसादाची प्रतीक्षा.

त्याचा प्रतिसाद आला नाही. नोंदींची फाईल म्हणजे काय हे बहुधा त्याला कळले नसावे, किंवा चेंडू आता आपल्याकडे आहे हेच कळले नसावे. ठरल्याप्रमाणे दोन स्मरणपत्रे आपोआप गेली आणि मुदत संपल्यावर केस बंद झाली. महिन्याच्या अहवालात ती माझ्या नावावर 'सोडवलेली' म्हणून मोजली गेली. काही दिवसांनी त्याच प्रयोगशाळेची नवी केस रांगेत दिसली. नवा क्रमांक, आणि मजकूर शब्दशः तोच. ती दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेली. पुढे काय झाले ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही, कारण माझ्या रांगेत त्या रात्री आणखी केस होत्या. तक्रार म्हणजे पुनरुक्ती, हे मी पुस्तकात वाचले होते. पडद्यावर तेव्हा पाहिले.

६

या प्रसंगामुळे लायब्ररी हातात घेतल्यावर मी आधी शेवटाचे पान उघडले. केसच्या अवस्थांची एक यादी संहितेत आहे. नवी, म्हणजे अजून कोणाकडे सोपवलेली नाही. हाताळणीत, म्हणजे कंपनीचा साहाय्य विभाग तिच्यावर काम करतो आहे. कृती आवश्यक, म्हणजे कंपनी प्रतिसादाची वाट पाहत आहे. उपाय दिला, म्हणजे उपाय सुचवला आहे, पण केस अजून बंद नाही. आणि शेवटी, बंद.

ही यादी चांगली आहे. चेंडू कोणाच्या अंगणात आहे हे ती प्रत्येक टप्प्यावर सांगते. आमच्या जुन्या यादीपेक्षा ती नक्कीच नितळ आहे. 'उपाय दिला' आणि 'बंद' यांत अंतर ठेवले आहे, म्हणजे उपाय देणे आणि प्रश्न संपणे या दोन घटना आहेत हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. मग 'बंद' या अवस्थेची टीप येते आणि ती सांगते की केस सोडवली गेली आहे.

माझा आक्षेप या एका टिपेवर आहे. बंद होणे ही कागदाची अवस्था आहे, सुटणे ही प्रश्नाची. संहितेने पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याने सांगितला आणि त्यामुळे तिसरी शक्यता, म्हणजे बंद झाली पण सुटली नाही, ही सांगायला अवस्थाच उरली नाही. माझ्या प्रयोगशाळेची केस याच तिसऱ्या जातीची होती. ॲमेझॉनच्या एपीआयमध्ये, ज्याच्या आवृत्तीवर १५ एप्रिल २०१३ ही तारीख आहे, शेवटच्या क्रियेचे नावच 'रिझॉल्व्ह केस', म्हणजे केस सोडवणे, असे आहे. ती चालवली की आधीची अवस्था आणि नंतरची अवस्था अशा दोन गोष्टी परत मिळतात. प्रश्न खरोखर सुटला का, हे तीही विचारत नाही. पण तिथे निदान 'पुन्हा उघडलेली' अशी एक अवस्था यादीत आहे. गूगलच्या लायब्ररीतल्या आठ क्रियांमध्ये केस पुन्हा उघडण्याची क्रिया नाही.

तक्रारदाराच्या हाती काहीच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. केस बंद करण्याची क्रिया त्याच्याच बाजूच्या कोडमध्ये आहे. आपले समाधान झाल्यावर तो ती चालवू शकतो. आणि केस वरच्या पायरीवर नेण्याची क्रियाही आहे, 'एस्कलेट केस'. तिच्यासाठी कारण द्यावे लागते आणि कारणे तीनच आहेत : फार वेळ लागतो आहे, हाताळणाऱ्याकडे पुरेसे तज्ज्ञपण नाही, धंद्यावर मोठा परिणाम होतो आहे. सोबत मोकळ्या शब्दांत समर्थनही लिहावे लागते. मला हा रकाना संपूर्ण संहितेतला सर्वांत जिवंत वाटतो. इथे तक्रारदार उत्तर देणाऱ्याबद्दल बोलू शकतो, तुला हे जमत नाही असे म्हणू शकतो. दरबारी अर्जात हे वाक्य लिहिण्याची सोय क्वचितच असे. पण 'तुम्हाला माझे म्हणणे कळलेले नाही' हे चौथे कारण यादीत नाही. शिवाय वर नेण्याची ही सोय काही साहाय्ययोजनांपुरतीच आहे, असे टीप सांगते. कायद्यात अपील हा हक्क असतो. इथे ते योजनेबरोबर विकत मिळणारे वैशिष्ट्य आहे.

७

मग या संहितेचे मूल्यमापन काय करायचे? तिच्या जमेच्या बाजू ठळक आहेत. केस नष्ट करण्याची क्रिया तिच्यात नाही, म्हणजे झालेली तक्रार झाली नाही असे कोणाला करता येत नाही. केसमध्ये पुढे बदल करता येतो तो शीर्षकात, अग्रक्रमात आणि प्रत पाठवायच्या ईमेल-पत्त्यांत. मूळ वर्णन तसेच राहते. माणसाने रागाच्या भरात किंवा घाबरून जे पहिल्यांदा लिहिले ते जपले जाते, हे पुराव्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. कोडची चाचणी घेण्यासाठी केस नोंदवायची असेल, तर 'ही चाचणी आहे' असे सांगणारा वेगळा रकाना आहे, म्हणजे पलीकडच्या माणसाची रात्र फुकट जाऊ नये याचीही काळजी घेतली आहे. त्या रकान्याला मी मनापासून दाद देते. त्या पलीकडच्या खुर्चीवर मी बसले आहे.

उणे बाजूला मला एकच गोष्ट मांडायची आहे. या संहितेत तक्रारीचा आरंभ तक्रारदाराचा आहे आणि शेवट मोजणाऱ्याचा. वर्णन, अग्रक्रम, वर्गवारी, समर्थन हे सारे तक्रारदार लिहितो. पण जे घडले त्याने आपला प्रश्न सुटला की नाही, हे त्याने म्हणायचा रकाना केसमध्ये नाही. तो कॉमेंटमध्ये लिहू शकेल, पण कॉमेंट मोजली जात नाही. अवस्था मोजली जाते. महिन्याचा तक्ता अवस्थेवरून बनतो, माणसांच्या बढत्या तक्त्यावरून होतात, आणि पुढची योजना त्यावरूनच आखली जाते. म्हणून 'बंद' आणि 'सुटली' या दोन शब्दांमधले अंतर पुसणे ही नुसती भाषेची हयगय राहत नाही. बंद झालेली पण न सुटलेली तक्रार आकडेवारीत यशाच्या बाजूला उभी राहते, आणि ती उभी करणारा हात माझ्यासारख्या कोणाचा तरी असतो.

सुधारणा अवघड नाही. बंद या अवस्थेच्या आत आणखी एक हो-नाहीचा रकाना पुरेल आणि तो तक्रारदारालाच भरता यावा. भाषेच्या रकान्यात, मागितलेली भाषा आणि दिलेली भाषा वेगळ्या नोंदवाव्यात, म्हणजे किती लोकांनी मराठी मागितली होती हे कधीतरी मोजता येईल. या दोन्ही गोष्टी कोडच्या काही ओळींच्या आहेत. गाऱ्हाण्याच्या वेळी जमलेली माणसे जे काम करतात, त्यातले थोडेसे त्या करतील.

लेख लिहून होत आला तेव्हा मी पायथनमधली लायब्ररी माझ्या संगणकावर उतरवून घेतली. खिडकीपर्यंत न जाताही, केसचा नुसता नमुना आपल्यापुरता भरून पाहता येतो. वर्णनाच्या रकान्यात मी देवनागरीत लिहिले : 'कालपासूनच उघडत नाहीये. पेशंट येऊन बसलाय.' भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत घातला. नमुन्याने सगळे निमूट स्वीकारले. नकार पुढे, खिडकीवर, मिळाला असता. मग मी त्या केसची अवस्था विचारली. जी केस कोणाकडे गेलेलीच नाही तिची अवस्था शून्य असते आणि त्या शून्याचा अर्थ लायब्ररीत दिलेला आहे : केस अज्ञात स्थितीत आहे. माझ्या त्या वेळच्या अहवालात 'सोडवलेली' या शब्दाच्या जागी हे शब्द असायला हवे होते.